दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर : मराठी लेखनसाधनांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणक आणि भ्रमणध्वनी यांवरील मराठी लेखनसाधनांची चर्चा सामान्यतः दोन अंगांनी होत आली आहे. साधन शिकावयास किती सोपे आहे हे एक अंग आणि पडद्यावर किंवा कागदावर उमटणारे अक्षर किती सुबक आहे हे दुसरे. या दोन्ही कसोट्या नवे उपकरण हाती घेणाऱ्या उत्साही ग्राहकाच्या आहेत आणि त्या गैरही नाहीत. तथापि लिहिणारा मनुष्य उठून गेल्यानंतर धारिकेमध्ये नेमके काय शिल्लक राहते, ही तिसरी कसोटी या चर्चेत फारशी आढळत नाही. वस्तुतः लेखनाचे साधन म्हणून कोणत्याही यंत्राचे मोल ठरविताना तीच निर्णायक ठरावयास हवी. प्रस्तुत लेखात टंकलेखन यंत्रापासून स्पर्शपडद्यापर्यंतच्या काही साधनांचा या कसोटीवर विचार केला आहे.

टंकलेखन यंत्राचा वारसा

देवनागरी टंकलेखन यंत्र ही काटकसरीची एक विलक्षण कामगिरी होती. रोमन लिपीसाठी घडविलेल्या सांगाड्यात नव्वदच्या आसपास चिन्हे बसवावयाची, आणि त्यांतूनच स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे साधावयाची, हे कोडे यंत्रकारांनी अक्षराचे तुकडे पाडून सोडविले. अर्ध्या 'प'ला काना जोडला की पूर्ण 'प' तयार होई. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे येते, म्हणून तिची कळ व्यंजनाआधी दाबावयाची; रफार डोक्यावर मागाहून चढतो, म्हणून तो शेवटी. मराठी टंकलेखकाच्या बोटांना अशा रीतीने उच्चाराच्या क्रमापेक्षा दृश्याच्या क्रमाची सवय जडली. यंत्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती, कारण त्या यंत्राला स्मृतीच नव्हती. कागद बाहेर काढला की त्याचे काम संपले.

अडचण निर्माण झाली ती ही सवय संगणकात तशीच उतरल्यामुळे. गोदरेज कंपनीने टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ साली थांबविले, पण यंत्राचा कळफलक आणि त्यामागील तुकड्यांची पद्धत त्याआधीच कृतीदेव, शिवाजी, सुरेख यांसारख्या टंकांच्या रूपाने संगणकात स्थिरावली होती. त्या काळच्या संगणकप्रणालींमध्ये एका टंकात जेमतेम २५६ चिन्हांना जागा असे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे ठेवावयाचे, असा सोपा मार्ग टंकनिर्मात्यांनी काढला. पडद्यावर देवनागरी दिसे. धारिकेत मात्र रोमन अक्षरांचे संकेत साठत.

याचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कृतीदेव टंकात 'मराठी' हा शब्द लिहिला असता संगणक जे साठवितो ते ई, जे, के, बी, एच या रोमन अक्षरांचे संकेत असतात. 'किती' या शब्दात आधी वेलांटीची 'एफ' येते आणि मग 'क'ची 'डी'. 'सूर्य' या शब्दाचा 'य' तर अर्धविरामाच्या कळेवर आहे आणि रफार 'झेड'च्या रूपाने सर्वांत शेवटी. ही धारिका तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की मराठी नाहीशी होऊन रोमन अक्षरांचा अर्थहीन ढिगारा समोर येतो. शब्द अकारविल्हे लावण्यास सांगितले तर यंत्र 'मराठी' हा शब्द 'ई'मध्ये टाकते. त्यातही प्रत्येक टंकसंचाचा स्वतःचा नकाशा असल्यामुळे एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येत नाही.

या टंकांविषयी लिहिताना एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. पेजमेकरवर बेतलेला मराठी मुद्रणव्यवसाय, दैनिके, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके आणि महाविद्यालयीन नियतकालिके यांचा दोन दशकांचा संसार याच टंकांनी चालविला. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते, आणि इनडिझाइन या मांडणीप्रणालीत भारतीय लिप्यांच्या अक्षरजुळणीची सोय २०१२ सालच्या सीएस सहा आवृत्तीत आली. तोपर्यंत मुद्रकापुढे दुसरा व्यवहार्य पर्याय नव्हता. आक्षेप त्यांच्यावर नाही. प्रश्न आहे तो छापण्यापुरती केलेली सोय जतनासाठीही पुरेशी मानली गेली याचा.

हाताशी असलेले उत्तर

यातील विपर्यास असा की, योग्य तत्त्व त्या काळात अज्ञात नव्हते आणि ते दूरही नव्हते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८०च्या दशकाच्या आरंभी झालेले भारतीय लिप्यांवरील काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढले. इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ साली प्रमाणित झाला आणि इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. इस्कीचे तत्त्व असे की, अक्षर कसे दिसते ते साठवावयाचे नाही, ते कसे उच्चारले जाते ते साठवावयाचे. 'कि' म्हणजे आधी 'क' आणि मग वेलांटी. ती डावीकडे काढावयाची की उजवीकडे, हे पडद्यावर अक्षर रेखाटणाऱ्या प्रणालीने पाहावे. युनिकोडचा देवनागरी विभाग याच विचारावर उभा राहिला.

इनस्क्रिप्ट कळफलकाची रचना पाहिली तर ती वर्णमालेचीच रचना आहे असे ध्यानात येते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एका कळेवर, 'ग' आणि 'घ' एका कळेवर. अल्पप्राण साधेपणी दाबावा, महाप्राण शिफ्टसह. मात्रा नुसती दाबावी, तोच स्वर स्वतंत्र हवा असल्यास शिफ्टसह. एवढा तर्कशुद्ध कळफलक असूनही तो दीर्घकाळ अल्पसंख्याकांचाच राहिला. याचे एक कारण टंकलेखन परीक्षांनी घडविलेली बोटांची सवय हे आहे. दुसरे कारण अधिक लौकिक आहे. विंडोज २०००मध्ये मराठीची सोय प्रथम आली, परंतु त्यानंतरच्या विंडोज एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत ती मुळात सुरू नसे. ती सुरू करण्यासाठी प्रणालीच्या सेटिंगमध्ये जावे लागे आणि यंत्र बहुधा मूळ सीडी मागे. ही सीडी संगणकासोबत मिळालेली असणे आणि ती वेळेवर सापडणे या दोन्ही गोष्टी महाविद्यालयीन कार्यालयात गृहीत धरण्यासारख्या नव्हत्या. टंकाची छोटी धारिका मात्र कोणीही फ्लॉपीवरून आणून देत असे.

सत्तर अक्षरांचा संदेश

भ्रमणध्वनीच्या आगमनानंतर रोमन लिपीत मराठी लिहिण्याची प्रथा बळावली आणि तिच्याकडे भाषाप्रेमाच्या अभावाचे लक्षण म्हणून पाहिले गेले. हे निदान अपुरे आहे. लघुसंदेश सेवेत रोमन लिपीचा एक संदेश १६० अक्षरांचा असतो. देवनागरी वापरताच ती मर्यादा ७० वर येते. शिवाय ही ७० अक्षरे म्हणजे मराठी वाचकाला दिसणारी अक्षरे नव्हेत. 'विद्यार्थ्यांना' या शब्दात डोळ्याला चार अक्षरे दिसतात, पण व्यंजने, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची चिन्हे धरून यंत्र १५ मोजते. मधल्या जागा धरता एका देवनागरी संदेशात हा शब्द चार वेळा मावतो. तोच शब्द रोमन लिपीत १३ अक्षरांत लिहिल्यास अकरा वेळा मावतो. प्रत्येक संदेशाला पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्याने कोणती लिपी निवडावी हे दरपत्रकाने आधीच ठरविले होते. लिपीचा ऱ्हास म्हणून ज्याची खंत केली गेली, त्यातील बराच भाग निव्वळ हिशेबाचा होता.

स्मार्टफोनवर हा हिशेब बदलला, कारण इंटरनेटद्वारे जाणाऱ्या संदेशाला अशी मर्यादा जाचत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ सालच्या मानकानुसार भ्रमणध्वनीवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता येणे आणि इंग्रजी व हिंदीखेरीज आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येणे अपेक्षित आहे. दरम्यान सवय मात्र रोमन कळांची झालेली होती. आज पुष्कळ मराठी लेखन रोमन अक्षरे दाबून आणि यंत्राने सुचविलेल्या देवनागरी शब्दांतून निवड करून होते. या पद्धतीविषयी शुद्धतेच्या आग्रहातून जो रोष व्यक्त होतो, तो तिसऱ्या कसोटीवर उलटा पडतो. मराठीचा म्हणून ओळखला जाणारा कळफलक अभिमानाने वापरणारा टंकलेखक जुन्या टंकाच्या धारिकेत रोमन संकेत सोडून जातो. रोमन कळा दाबणारा तरुण मात्र खरीखुरी देवनागरी मागे ठेवतो. बोटांखाली कोणती लिपी आहे यावरून साठवणुकीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

लिप्यंतर-पद्धतीचा खरा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' यांचा भेद सहजी राहत नाही. 'के, ए, एल' एवढे लिहिले असता कल, काल, कळ, काळ यांपैकी कोणता शब्द अभिप्रेत आहे ते यंत्र आपल्या शब्दसाठ्यातून ठरविते, आणि शब्दसाठ्याचा कल नेहमीच्या वापरातील शब्दांकडे असतो. बोलीतील शब्द, गावांची नावे, जुन्या मराठीतील रूपे लिहिताना लेखकाला यंत्राशी झगडावे लागते, आणि कंटाळलेला लेखक सुचविलेला शब्द स्वीकारतो. २०१७ साली गूगलच्या श्रुतलेखनात मराठीचा समावेश झाल्यावर हीच अडचण आवाजाच्या बाबतीतही उपस्थित झाली.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ साली उपलब्ध करून दिलेल्या 'स्वरचक्र' या कळफलकाची दखल घ्यावयास हवी. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती त्याची बाराखडी चक्राकार उमटते आणि बोट सरकवून हवी ती मात्रा निवडता येते. शाळेत पाठ झालेला तक्ता येथे यंत्राच्या मदतीला आला आहे. स्वरचक्र रोमनची मध्यस्थी मागत नाही, तुकड्यांतही अडकत नाही, आणि स्पर्शपडद्याचे सामर्थ्य ओळखून ते वापरते. मराठी लेखनसाधनांत स्वतंत्र विचाराचे असे नमुने थोडे आहेत. तरीही फोन विकत घेतानाच त्यात बसविलेला कळफलक बदलण्याचे कष्ट सामान्य ग्राहक घेत नाही, हे विंडोज एक्सपीच्या सीडीप्रमाणेच येथेही खरे ठरते.

युनिकोडातील गाठी

युनिकोड स्वीकारले म्हणजे प्रश्न संपला, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांचा भेद आहे. दुसऱ्या शब्दातील 'ऱ्य' युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, परंतु शोध घेताना एक टंकल्यास दुसरे सापडेलच अशी खात्री नाही. 'ॲ'ची कथा अशीच आहे. या वर्णाला युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीचे लेखक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवीत किंवा हिंदी वळणाचा 'ऍ' वापरीत. परिणामी एकच शब्द तीन रूपांत साठलेला आहे आणि त्यांपैकी दोन रूपे डोळ्याला वेगळी ओळखता येत नाहीत. येथेही दिसणे आणि असणे यांची फारकत आहेच; फक्त तिचा आवाका एका वर्णापुरता उरला आहे.

प्रबंधांचा प्रश्न

या सर्व विवेचनाचा महाविद्यालयीन जीवनाशी येणारा संबंध प्रबंधांच्या ठिकाणी सर्वाधिक तीव्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत सादर करण्याची तरतूद केली आणि इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या भांडारात मराठी प्रबंधही जमा होऊ लागले. जे प्रबंध जुन्या टंकांत टंकलिखित झाले, त्यांच्या पीडीएफ धारिका डोळ्यांनी वाचता येतात. त्यांत एखादा शब्द शोधू गेल्यास मात्र तो सापडत नाही, कारण तो तेथे देवनागरीत नाही. लोकसाहित्यावरील एखाद्या प्रबंधात कष्टाने गोळा केलेल्या ओव्या अभ्यासकाला हव्या असतील, तर त्याला पाने एकामागून एक उलटावी लागतात. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी २०१८ साली आलेल्या विनियमांपुढेही हीच अडचण आहे. साम्य शोधणारी आज्ञावली संकेतांची तुलना करते. जुन्या टंकातील परिच्छेद कोणी युनिकोडात पुन्हा टंकला, तर यंत्राच्या दृष्टीने त्या दोन मजकुरांत साम्य उरत नाही. नियतकालिकांच्या लेखकांसाठीच्या सूचनांत टंकाचे नाव आणि आकार आग्रहाने नमूद करण्याची प्रथा या साठ्यात भरच घालीत आली आहे.

रूपांतर अशक्य नाही. पीडीएफ धारिकेच्या गुणधर्मांत टंकाचे नाव बहुधा सापडते आणि त्या टंकाचा नकाशा ठाऊक असल्यास संकेत बदलून वेलांटी व रफार योग्य क्रमाने लावता येतात. मात्र मजकुरातील मूळ इंग्रजी शब्दांचीही रूपांतरक देवनागरी करून टाकतो, आणि कंस, अवतरणचिन्हे, अंक जागा सोडतात. म्हणून प्रत्येक पान जाणकाराने पुन्हा वाचावे लागते. जेथे प्रबंधाची केवळ छायाप्रतिमा जमा झाली आहे, तेथे टंकाचे नावही उरलेले नाही, आणि टंकलेखन करून देणाऱ्या केंद्राच्या संगणकावरील मूळ धारिका हाच एकमेव दुवा राहतो. विषयवार पाहता लोकसाहित्य, बोली आणि स्थानिक इतिहास यांवरील प्रबंध या कामात आधी घ्यावे लागतील, कारण त्यांतील निवेदकांनी सांगितलेला मजकूर अन्यत्र बहुधा छापलेला नाही.