रिसोत्तोला वेळ लागतो

छोट्या गावातलं छोटंसं इटालियन हॉटेल. टेबलं बरीचशी रिकामी. जेवायला आलेल्या बाईंसमोर सी-फूड रिसोत्तोचं ताट येतं. त्या काट्याने भात चिवडून पाहतात, यात मासळी कुठे दिसत नाही म्हणतात आणि मग विचारतात, याच्याबरोबर स्पॅघेटी येईल ना? येत नाही म्हटल्यावर वेगळी मागवतात. तिच्यावर मीटबॉल्स नसतात हे ऐकून तर त्यांना खरोखरच आश्चर्य वाटतं. वाढणारा धाकटा भाऊ हसतमुखाने मान डोलावतो, झुलतं दार ढकलून आत जातो आणि थोरल्याला सांगतो. थोरला भडकतो. भातावर स्पॅघेटी! मग दुसऱ्या बाजूला कुस्करलेले बटाटेही वाढ तिला, असं तो सुनावतो.

‘बिग नाइट’ या १९९६ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर इटलीहून आलेले दोन भाऊ ‘पॅराडाइज’ नावाचं हॉटेल चालवतात. थोरला प्रीमो स्वयंपाक करतो, धाकटा सेकंदो बाहेरचं सगळं बघतो. टोनी शालूब आणि स्टॅनली तुची यांनी या भूमिका केल्या आहेत. खाण्यावरचे चित्रपट पुष्कळ आहेत, पण हॉटेल चालवण्यातली जीवघेणी ओढाताण इतक्या प्रेमाने दाखवणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

रिसोत्तोच्या त्या प्रसंगात प्रीमो बरोबर आहे, यात शंका नाही. इटालियन जेवणात भात आणि पास्ता हे दोन्ही पहिल्या वाढपातले पदार्थ, मांस-मासळी त्यानंतर. आणि रिसोत्तो म्हणजे नुसता भात नव्हे. तांदूळ कांद्याबरोबर लोण्यात परतायचा, मग उकळता स्टॉक एकेक डाव घालत, ढवळत राहायचं. अठरा-वीस मिनिटं शेगडीपासून हलता येत नाही. ढवळता ढवळता दाण्यातला स्टार्च सुटतो आणि भाताला ती सायीसारखी दाट ओल येते. आधी करून ठेवला तर तो घट्ट होऊन बसतो. त्यामुळे मागणी आली की करायचा आणि गिऱ्हाइकाने वाट बघायची.

पण बाईसुद्धा चुकीच्या नाहीत. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यातले बहुतेक दक्षिण इटलीतल्या गरीब गावांमधले. गावाकडे मांस क्वचित मिळायचं. इथे ते स्वस्त होतं, रोजच्या मजुरीत परवडत होतं. घरच्या बायकांनी मांसाचे गोळे मोठे केले, टोमॅटोच्या रश्शात सोडले आणि पास्त्यावर ओतले. स्पॅघेटी-मीटबॉल्स हा पदार्थ असा त्या स्थलांतरितांच्या भरलेल्या पोटातून जन्मला. बाईंना माहीत असलेलं इटालियन जेवण हे आहे आणि तेही खरंच आहे. चित्रपट त्यांना मूर्ख ठरवत नाही, म्हणून हा प्रसंग नुसता विनोदी राहत नाही.

मला या चित्रपटात सगळ्यात जास्त दिसतो तो सेकंदो. बहुतेकांचं प्रेम प्रीमोवर बसतं. साहजिक आहे, कलावंत तो. पण प्रीमोला ढवळायला जी वीस मिनिटं हवी असतात, त्यांचं भाडं सेकंदो भरतो. बँकेचा माणूस त्याला बोलावून मुदत देतो. उधारीवर जेवणाऱ्या चित्रकाराकडून पैशांऐवजी चित्रं स्वीकारली जातात. ते झुलतं दार ओलांडताना तुचीचा चेहरा बघावा: टेबलांच्या बाजूला यजमानाचं हसू, स्वयंपाकघरात पाय पडला की हिशोबाने गांजलेला माणूस. रिसोत्तो महाग पडतो, वेळ खातो, मेनूवरून काढूया का, असं तो एकदा चाचरत सुचवतो. प्रीमो शांतपणे हो म्हणतो. मग त्याच्या जागी हॉट डॉग ठेवू या, असंही म्हणतो. सेकंदो पुन्हा तो विषय काढत नाही.

समोरच पास्कालचं इटालियन हॉटेल आहे. लाल दिवे, गाणंबजावणं, गिऱ्हाइकांच्या देखत पेटवलेले पदार्थ आणि गर्दी. हा पास्काल सेकंदोला मदत देऊ करतो: माझा मित्र, प्रसिद्ध गायक लुई प्रिमा गावात येतोय, त्याला तुमच्याकडे जेवायला पाठवतो, वर्तमानपत्रात नाव होईल. लुई प्रिमा हा खराखुरा माणूस, न्यू ऑर्लिन्सला इटालियन कुटुंबात जन्मलेला. डिस्नेच्या ‘जंगल बुक’मधल्या माकडांच्या राजाचा आवाज त्याचाच. भाऊ उरलेसुरले पैसे काढून मेजवानी मांडतात.

त्या मेजवानीचा मुकुट म्हणजे टिंपानो. एनॅमलच्या रुंद भांड्याला लोणी-तेल चोळून त्यात लाटलेल्या कणकेची मोठी पारी अंथरायची, कडा बाहेर लोंबत्या ठेवायच्या. आत पास्ता, रस्सा, छोटे मीटबॉल्स, उकडलेली अंडी, सलामी, चीज यांचे थर दाबून भरायचे, कडा वर दुमडून बंद करायच्या आणि भट्टीत भाजायचं. मग येतो तो क्षण. भांडं उपडं केलेलं आहे, दोघं भाऊ कान लावून, बोटांनी टिचक्या मारून आतला अंदाज घेत आहेत. सुटलं की नाही? फुटलं तर? भांडं वर उचललं जातं आणि खाली सोनेरी, नगाऱ्यासारखा गोल डोलारा उभा राहतो. दोघांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं, त्यासाठी हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघावा. हा पदार्थ तुचीच्या घरी नाताळला होतो आणि पटकथा त्याने आपला नात्यातला भाऊ जोसेफ ट्रोपियानो याच्यासोबत लिहिली, हे कळल्यावर त्या टिचक्यांमधला सराव लक्षात येतो. दिग्दर्शनात त्याच्या जोडीला शाळेपासूनचा मित्र कॅम्पबेल स्कॉट होता.

पंगत रंगते. हिरवा, पांढरा, लाल असे इटलीच्या झेंड्याच्या रंगांचे तीन रिसोत्तो, टिंपानो, मासे, अख्खं भाजलेलं डुक्कर. एक बाई जेवता जेवता रडायला लागते, आपल्या आईला स्वयंपाक अजिबात येत नव्हता म्हणून. हसू येतं आणि घशात काही अडकतंही. लुई प्रिमा मात्र येत नाही. त्याला कुणी बोलावलेलंच नसतं.

रात्री भाऊ समुद्रकाठी हातघाईवर येतात. पहाटे सेकंदो स्वयंपाकघरात येतो, अंडी फोडतो, काट्याने फेटतो, तव्यात ओततो. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, कट नाही, संगीत नाही; अंड्यांचा चुर्र आवाज ऐकू येतो. ऑम्लेटचा एक वाटा कामावरच्या पोराला, एक स्वतःला, एक तव्यात राखून. प्रीमो आत येतो तेव्हा सेकंदो उठून तो वाटा त्याच्या ताटलीत वाढतो. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याचं रांधलेलं वाढलं, तो इथे स्वतः रांधून थोरल्याला वाढतो. माफी मागितली जात नाही. हॉटेल वाचलं का, तेही चित्रपट सांगत नाही. कुठल्याही संवादाने हे बिघडलं असतं.

एक उणीव मला टोचते. मिनी ड्रायव्हरची फिलिस आणि इसाबेला रोसेलिनीची गॅब्रिएला या दोघींना सेकंदोच्या प्रेमातल्या गोंधळापलीकडे स्वतःचं आयुष्य फारसं मिळालेलं नाही. रोसेलिनीसारखी अभिनेत्री हाती असताना हे जास्तच जाणवतं. अ‍ॅलिसन जॅनीची फुलवाली मात्र थोडक्या वेळात लाजऱ्या प्रीमोला बोलतं करते.

आणि इयन होमचा पास्काल. भावांना बुडवून आपल्याकडे नोकरीला ठेवायचा त्याचा डाव असतो, तरी त्याला खलनायक म्हणायला मन धजत नाही. त्याने सेकंदोला दिलेला सल्ला कुठल्याही धंद्यात ऐकू येतो: आधी लोकांना हवं ते दे, नंतर तुला हवं ते देता येईल. या ‘नंतर’ला चित्रपट तोंडी उत्तर देत नाही, पास्कालला जेवायला बसवतो. पास्कालच्या स्वतःच्या हॉटेलात रोज रात्री गर्दी असते, पण टिंपानोचा घास त्याला या रिकाम्या हॉटेलातच मिळतो. तो घास खाल्ल्यावर पास्काल प्रीमोवर ओरडतो की इतकं चांगलं केलंस म्हणून तुझा जीवच घ्यायला हवा. त्या ओरडण्यात मत्सर किती आणि दाद किती, ते होम वेगळं काढू देत नाही.