पोट उशिरा रिकामं होतं, म्हणजे नेमकं किती उशिरा?

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने मला तिचा सिनॉप्सिस पाठवला. "ताई, एकदा नजर टाका ना, सोमवारी द्यायचाय." शीर्षक होतं, 'नांदेड व लातूर जिल्ह्यांतील टाइप २ मधुमेही रुग्णांमधील गॅस्ट्रोपॅरेसिसचे प्रमाण'. पद्धत सरळ होती. ओपीडीत बसायचं, २०० मधुमेही रुग्णांकडून लक्षणांची प्रश्नावली भरून घ्यायची, ठरावीक गुणांच्या वर गेला की गॅस्ट्रोपॅरेसिस. मधुमेह नसलेला माणूस यादीत एकही नाही.

विषय चांगला आहे, मुलगी कष्टाळू आहे. पण हा अभ्यास शीर्षकातली गोष्ट मोजूच शकत नाही. का, ते तिला फोनवर सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सिनॉप्सिसच्या टप्प्यावर आहात, आणि ही चूक फक्त पोटाच्या विषयात होते असं नाही. (मी लाइफ सायन्सची आहे, डॉक्टर नाही. हे वाचून कुणी गोळ्या बदलू नका.)

आधी व्याख्या. जठराच्या वाटेत कुठलाही अडथळा नसताना अन्न पुढे सरकायला उशीर होणं म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिस. म्हणजे दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: अडथळा नाही आणि उशीर आहे. पहिलीसाठी एंडोस्कोपी, दुसरीसाठी मोजमाप. मळमळ, उलटी, दोन घासांत पोट भरणं, जेवणानंतर पोट गच्च राहणं ही लक्षणं व्याख्येसोबत येतात, पण ती उशिराचा पुरावा नाहीत. गंमत म्हणजे १९५८ मध्ये कॅसँडर यांनी 'गॅस्ट्रोपॅरेसिस डायबेटिकोरम' हे नाव सुचवलं, ते लक्षणं नसलेल्या मधुमेहींच्या जठरात अन्न साचलेलं दिसलं म्हणून. पेपरच्या शीर्षकातच तसं लिहिलंय. म्हणजे हा शब्द ज्यांच्यासाठी जन्माला आला, ते लोक आपल्या ज्युनिअरच्या प्रश्नावलीत सापडलेच नसते.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. मोठ्या केंद्रांत जुन्या मधुमेहींचं पोट प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा साधारण ३० ते ५० टक्के लोकांत उशीर दिसला. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत मात्र अख्ख्या वस्तीच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या, तर १० वर्षांत गॅस्ट्रोपॅरेसिस झालेले टाइप १ मध्ये ५.२ टक्के, टाइप २ मध्ये १ टक्का, आणि मधुमेह नसलेल्यांत ०.२ टक्के (हा पेपर २०१२ चा). ५० आणि १ यांत खोटं कुणीच बोलत नाहीये. एकाने मशीनवरचा उशीर मोजला, दुसऱ्याने लक्षणं घेऊन दवाखान्यात आलेला, तपासलेला, नोंदवलेला रुग्ण मोजला. सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत हे दोन आकडे एकाच वाक्यात 'ते' लावून जोडलेले मी स्वतः पाहिलेत. तसं करू नका.

आता ज्या पेपरवर मला खरं बोलायचंय तो. पंकज पसरिचा आणि सहकाऱ्यांचा, २०२१, 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' मासिकातला. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांमधले ९४४ रुग्ण, त्यात मधुमेही आणि बिगर-मधुमेही दोन्ही. मोजमापात उशीर दिसला ते ७२०, त्यांना गॅस्ट्रोपॅरेसिस म्हटलं. लक्षणं तीच पण उशीर नाही असे २२४, त्यांना फंक्शनल डिस्पेप्सिया. ४८ आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर पहिल्या गटातले ४२ टक्के दुसऱ्या गटात गेले आणि दुसऱ्यातले ३७ टक्के पहिल्यात आले. आणि लेबल बदललं म्हणून त्रास कमी-जास्त झाला असंही नाही. जठराच्या भिंतीचे नमुने पाहिले, तर हालचालीचा ठेका देणाऱ्या काजल पेशी दोन्ही आजारांत घटलेल्या. लेखकांचा निष्कर्ष: हे दोन आजार नाहीतच, एकाच आजाराची दोन टोकं आहेत.

पेपर उत्तम आहे, जरूर वाचा. पण निष्कर्ष मला जरा उडी मारल्यासारखा वाटतो. रेषेच्या अगदी जवळ उभा असलेला माणूस पुढच्या वेळी रेषेपलीकडे दिसणारच; आजार तोच राहिला आणि फक्त मोजमाप हललं, तरी हे घडेल. 'दोन आजार एकच आहेत' आणि 'आपली फूटपट्टी सैल आहे' ही दोन्ही वाक्यं याच आकड्यांतून निघतात, आणि पेपर पहिल्याकडे जास्त झुकतो. दुसरं, पेशींची तुलना ज्यांच्याशी केली ते स्थूल व्यक्ती होते. त्यांना निखळ निरोगी कसं म्हणायचं? तिसरं, हे सगळे मोठ्या केंद्रात पोचलेले, आधीच बऱ्याच उपचारांतून गेलेले रुग्ण. लक्षणं आणि उशीर यांचा संबंध नाहीच असंही म्हणून चालणार नाही. २०१९ च्या 'गट' मासिकातल्या एका एकत्रित विश्लेषणात फक्त नीट पद्धतीने मोजलेले अभ्यास घेतले, तेव्हा संबंध दिसला. वाद चालू आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तो वाद दिसला पाहिजे.

ही फूटपट्टी आहे तरी कशी? २००८ ला अमेरिकेत ठरलेली पद्धत अशी: रात्रभर उपाशी, मग अंड्याच्या पांढऱ्याचं किरणोत्सारी खूण लावलेलं ऑम्लेट, पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस, स्ट्रॉबेरी जॅम आणि पाणी, मिळून २५५ कॅलरी. ४ तासांपर्यंत गॅमा कॅमेऱ्याखाली फोटो. २ तासांनी ६० टक्क्यांहून जास्त किंवा ४ तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न शिल्लक असेल तर उशीर. रेषा कुणावरून काढली? अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या ११ केंद्रांमधल्या १२३ निरोगी लोकांवरून.

आता लातूरच्या एखाद्या शाकाहारी लिंगायत घरातल्या आजीला हे ऑम्लेट वाढून बघा. कोचीच्या अमृता संस्थेतल्या लोकांनी हीच अडचण ओळखून २०१४ मध्ये ग्लुटेन आणि प्राणिजन्य पदार्थ नसलेलं जेवण घेऊन स्वतंत्र मर्यादा काढल्या. हे काम कौतुकाचं आहे. पण आपल्याकडचं रोजचं ताट ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. तंतू आणि तेल दोन्ही पोट रिकामं व्हायला वेळ लावतात. त्यामुळे ब्रेड-जॅमची १० टक्क्यांची रेषा भाकरीला लावता येत नाही.

भाषेचा प्रश्न तर अजून अवघड. प्रश्नावलीतल्या मळमळ, फुगणं, भरल्यासारखं वाटणं या वेगवेगळ्या ओळी आहेत, प्रत्येकीला ० ते ५ गुण. आमच्याकडे माणूस म्हणतो, "पित्त झालंय", "गॅस धरलाय", "पोट गच झालंय", "अन्नावर वासनाच नाही". 'पित्त' म्हणजे कुणाला जळजळ, कुणाला मळमळ, कुणाला नुसती डोकेदुखी. ते कुठल्या ओळीत टाकायचं हे विचारणारा जागेवर ठरवतो, आणि नांदेडला एक बसला, लातूरला दुसरा, तर तुम्ही मोजलेला फरक जिल्ह्यांचा नसून त्या दोघांचा असू शकतो.

बिगर-मधुमेही का हवेत, तेही यातच आलं. ही लक्षणं मधुमेह नसलेल्यांतही भरपूर असतात. त्यात मेटफॉर्मिनने मळमळ होते, नवी जीएलपी-१ गटातली औषधं जठर मुद्दाम हळू करतात, आणि मोजणीच्या दिवशी साखर खूप चढलेली असेल तर तेवढ्यानेही पोट मंदावतं; म्हणून चाचणीआधी साखर २७५ मिलिग्रॅमच्या खाली हवी असं सांगतात. काही टाइप २ रुग्णांत, विशेषतः सुरुवातीला, पोट उलट लवकर रिकामं होतं आणि तक्रारी मात्र तशाच. एकट्या मधुमेही गटावरून यातलं काहीच वेगळं करता येत नाही.

मला या विषयात इतका रस का, तर माझी लातूरची मावशी. इन्सुलिन वेळेवर, जेवण वेळेवर, तरी जेवल्यावर तासाभरात घाम फुटून साखर खाली, आणि मध्यरात्री वर. घरचे म्हणायचे, चोरून गोड खाते. अन्न जठरातच थांबलं आणि इन्सुलिन पुढे गेलं तर नेमकं असंच होतं. तिचं तेच होतं का, मला सांगता येणार नाही, कारण मोजलंच नाही कुणी. पण 'चोरून खाते' हे निदान तिने तीन वर्षं ऐकून घेतलं.

ज्युनिअरला मी शीर्षकातून 'गॅस्ट्रोपॅरेसिसचे प्रमाण' काढून 'जेवणानंतरच्या पोटाच्या तक्रारी' घालायला सांगितलं. वय आणि लिंग जुळणारे १०० बिगर-मधुमेही, प्रत्येकाच्या औषधांची यादी, त्या दिवशीची साखर, आणि मराठी प्रश्नावली आधी ३० जणांवर तपासून बघणं. जमलं तर एका छोट्या गटात जठराच्या खालच्या भागाची सोनोग्राफी. ती तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, पण गॅमा कॅमेरा लागत नाही.

ती म्हणाली, "ताई, मग शीर्षक फारच साधं होतंय. गाईड म्हणतील यात नवीन काय?" मी म्हटलं, गाईडना विचार की मराठवाड्यातल्या मधुमेह नसलेल्या माणसाचं पोट भाकरीनंतर किती वेळ भरलेलं राहतं. सोमवारी तिने सिनॉप्सिस दिला नाही. मुदत वाढवून मागितलीय.