स्वेच्छेने पत्करलेली भाषा

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला दुसरी भाषा शिकण्याचे अप्रूप वाटत नाही. हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू, बेळगावात कन्नड, बडोद्यात गुजराती ह्या भाषा त्याने पोटासाठी, शेजारासाठी किंवा कचेरीसाठी आत्मसात केल्या. परंतु जिची गरज नाही आणि जी बोलणारे घरात कोणी नाही अशी भाषा प्रौढपणी शिकावी, आणि चाळिशी उलटल्यावर, जिने कीर्ती दिली ती भाषा बाजूस ठेवून, तिच्यातच लिहू लागावे, हा प्रकार निराळा आहे. झुंपा लाहिरी यांच्या इटालियन लेखनाचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो तो ह्यामुळे.

लाहिरीबाईंची घरची भाषा बंगाली. जन्म लंडनचा, 1967 चा; बालपण अमेरिकेत गेले. इंग्रजी कथासंग्रहाला 2000 साली पुलित्झर पारितोषिक लाभले. 1994 मध्ये त्या प्रथम फ्लॉरेन्सला गेल्या, तेव्हापासून इटालियनची ओढ लागली. पुढे वर्षानुवर्षे शिकवण्या झाल्या, तरी भाषा हाती येईना. अखेर 2012 मध्ये त्या सहकुटुंब रोमला जाऊन राहिल्या. ‘इन आल्त्रे पारोले’, म्हणजे ‘दुसऱ्या शब्दांत’, हे 2015 मधील त्यांचे पहिले इटालियन पुस्तक म्हणजे ह्या अध्ययनाची हकीकत होय. तिचे इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतः न करता ॲन गोल्डस्टीन यांच्याकडे सोपविले. आपण केले तर मूळ सुधारण्याचा मोह होईल, ही त्यांची भीती. मूळ आणि भाषांतर समोरासमोरच्या पानांवर छापलेली 2016 ची आवृत्ती आम्ही वाचली.

शिक्षकाने ह्या पुस्तकातील व्याकरणाचा भाग अवश्य वाचावा. लाहिरीबाईंना सर्वाधिक छळणारी गोष्ट म्हणजे इटालियनमधील अपूर्ण भूतकाळ. क्रिया घडून संपली, की ती चालू होती वा नित्य घडत असे, ह्यानुसार तेथे क्रियापद बदलते. ‘गेला’, ‘जात होता’, ‘जाई’ हे भेद मराठी मूल बोलता बोलता उचलते, म्हणून ते किती सूक्ष्म आहेत ह्याची जाणीव आपणांस राहत नाही. इंग्रजीत वाढलेल्या लेखिकेला मात्र दर वाक्यागणिक थांबावे लागते. शब्दयोगी अव्ययांचीही तीच कथा. त्या काळाच्या नावातच अपुरेपणा आहे, आणि तो आपलाच स्वभाव आहे असे त्यांना वाटू लागते. येथे व्याकरण आणि आत्मकथन एकजीव झाले आहे; पुस्तकात इतका अस्सल भाग दुसरा नाही.

इतरत्र मात्र उपमांची गर्दी फार. भाषा म्हणजे पोहून पार करावयाचे सरोवर, मग पूल, मग प्रीती, मग भिंत, मग ओव्हिडच्या काव्यातील दाफ्नेचे रूपांतर. प्रत्येक उपमा सुबोध आहे, परंतु एक उजळते तोच दुसरी येते आणि पहिली विझते. पुस्तकातच एक कथा आहे. परक्या गावी गेलेल्या भाषांतरकर्तीचा काळा स्वेटर बदलला जातो, निदान तिला तसे वाटते. ही गूढ गोष्ट वाचकाच्या मनात रेंगाळली असती; पण लेखिका पुढे स्वतःच सांगून टाकतात की स्वेटर म्हणजे भाषा. ज्याला आपल्या शब्दांचा भरवसा नाही तोच असे स्पष्टीकरण देतो.

प्रौढपणी शिकलेल्या भाषेत अपूर्ण राहण्याचे स्वातंत्र्य मिळते, असे लाहिरीबाईंचे प्रतिपादन आहे. ते आम्हांस अर्धेच पटते. गोमंतकातील वाचकांना दुसरे उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. फादर स्टीफन्स हा इंग्रज 1579 मध्ये गोव्यास आला तेव्हा तिशीचा होता. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये प्रसिद्ध झाले. मधली सदतीस वर्षे आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या! त्या ओव्यांत शब्दांची टंचाई नाही, उलट वैपुल्य आहे. त्याच्यापुढे ठरलेला श्रोता होता, धर्मप्रसाराचे प्रयोजन होते, आणि ओवीसारखे रुळलेले माध्यम तयार होते. लाहिरीबाईंपाशी ह्यांतले काहीच नाही, आणि तीन वर्षांच्या रोममधील वास्तव्याची सदतीस वर्षांशी तुलना करणेही न्यायाचे नव्हे. तथापि उशिरा शिकलेल्या भाषेतले लेखन तोकडेच असते हा नियम नाही, एवढे ह्यावरून ठरते. तोकडेपणाला कलेचे समर्थन हवे असेल तर ते कलाकृतीनेच दिले पाहिजे.

‘दोव्हे मि त्रोव्हो’ ह्या 2018 मधील कादंबरीत ते मिळू लागते. निवेदिकेला नाव नाही, शहराला नाव नाही; पदपथावर, कचेरीत, चौकात अशी छोटी छोटी प्रकरणे आहेत. एकाकी स्त्री जेवढे बोलेल तेवढेच ही भाषा बोलते, म्हणून तिचा कोरडेपणा खटकत नाही. हिचे इंग्रजी रूपांतर 2021 मध्ये लाहिरीबाईंनी स्वतः केले. जुनी भीती सरली असावी.

पहिल्या पुस्तकात सालेर्नोच्या दुकानातील एक प्रसंग आहे. दुकानदारीण त्यांच्या पतीच्या मोजक्या शब्दांची वाखाणणी करते, कारण त्याचा चेहरा आणि नाव तिला इटालियन वाटतात. अस्खलित बोलणाऱ्या लाहिरीबाईंना मात्र ती कोठल्या म्हणून विचारते. लेखिका ह्याला भिंत म्हणतात आणि कलकत्त्यातही तीच आड येते हे सांगतात. तक्रार रास्त आहे, पण ती तक्रारच राहते. 2022 च्या ‘राक्कोन्ति रोमानि’ ह्या नऊ कथांच्या संग्रहात हीच भिंत दुसऱ्यांच्या आयुष्यात उभी राहते. एका कथेत परदेशातून आलेल्या कुटुंबाला रोममध्ये उजेडाचे घर मिळते आणि शेजाऱ्यांच्या द्वेषामुळे ते सोडावे लागते. कथा सांगतो तो घरधनी. त्याची वाक्ये साधी आहेत. परक्या शहरात येऊन पडलेला माणूस ह्याहून अलंकृत बोलला असता तर आम्हांस शंका आली असती. येथे भाषेविषयी एक शब्दही नाही, स्वेटरसारखा खुलासाही नाही. लाहिरीबाईंचे इटालियन लेखन प्रथमच हाती घेणाऱ्याने ह्या संग्रहापासून आरंभ करावा, आणि अध्ययनाची हकीकत मागाहून वाचावी.