खलिता आणि खत

सरकारी पत्रव्यवहारास वाङ्मय म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु आपल्या इतिहासलेखनावर त्याने जेवढा अंमल गाजविला, तेवढा फार थोड्या ग्रंथांनी गाजविला असेल. ज्या लेखनाचा एवढा प्रभाव, त्याची परीक्षाही ग्रंथाच्याच कसोटीने व्हावयास हवी. लेखक कोण, त्याच्यापुढे वाचक कोण, त्याने काय सांगितले आणि काय टाळले, हे पाहिल्याखेरीज त्याचा शब्द प्रमाण मानणे योग्य नव्हे.

या दृष्टीने मुंबई सरकारचे दोन लेख शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. दोहोंचा संबंध पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वभागाशी, म्हणजे शिरूर आणि जुना भीमथडी या तालुक्यांशी पोचतो. आजचे दौंड आणि कुरकुंभ याच टापूत मोडतात.

पहिला लेख म्हणजे दक्षिणेतील दंग्यांच्या चौकशीमंडळाचा १८७६ चा अहवाल. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जाची खते. हाती लागली ती त्यांनी जाळली. पुणे व नगर या जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली आणि ५०१ जणांस शिक्षा झाली. गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांच्या सरकारने चौकशी मांडली ती हिंदुस्थान सरकारच्या आग्रहावरून. १८५७ ची आठवण अद्याप ताजी होती. पुढे १८७८ मध्ये हा अहवाल पार्लमेंटपुढे गेला. म्हणजे त्याचा खरा वाचक कलकत्त्यास आणि लंडनास बसला होता.

हे ध्यानी घेतले की अहवालाची मांडणी उलगडते. अमेरिकेतील यादवीच्या काळी कापसाला आलेली तेजी, १८६५ नंतरची घसरण, मुदतीच्या कायद्यामुळे वारंवार नवी करून घेतलेली खते, व्याजावर चढलेले व्याज, या सर्वांचे विवेचन तेथे कसोशीने केले आहे. सरकारी साऱ्याचा प्रश्न येतो तेव्हा मात्र लेखणी जपून चालते आणि मुख्य दोष कर्जबाजारीपणाकडे जातो. परंतु याच मुंबई सरकारने दंग्यापूर्वी, १८७४ च्या ऑक्टोबरात, फेरपाहणीतील सारावाढीस मर्यादा घातली होती. एखाद्या गटावरील वाढ शेकडा ३३, गावावरील ६६ आणि एका खातेदारावरील १०० यांहून अधिक नसावी, असे ठरविणाऱ्या सरकारला आपल्या मागणीचा जाच ठाऊकच नव्हता, असे कसे म्हणावे? मंडळातील एक सभासद ऑकलंड कॉल्विन यांनी साऱ्याच्या पद्धतीवर स्वतंत्र टीका केली, यातच बाकीच्या लेखाचा संकोच उघडा पडतो.

दुसरा लेख खासगी आहे. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला दरोडा घातला. त्याच वर्षीच्या जुलैत गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांस लिहिलेल्या पत्रात चित्पावनांच्या अखंड राजकीय महत्त्वाकांक्षेचे वर्णन केले. पेशवाईत भोगलेले वर्चस्व परत मिळाल्याखेरीज या वर्गाचे समाधान होणार नाही, हा त्याचा आशय. या तर्कास काहीच आधार नव्हता असे नाही. फडके त्याच ज्ञातीचे आणि पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातील कारकून होते. परंतु त्यांच्याबरोबर रानात निघालेले लोक बव्हंशी रामोशी होते. त्यांच्या पोटातील आग १८७६–७७ च्या दुष्काळाची होती; पेशवाई परत आली काय आणि न आली काय, त्यांस सारखेच. ते का निघाले, या प्रश्नास हे पत्र उत्तर देत नाही.

अहवाल 'किती कर्ज?' असे विचारतो. पत्र 'यामागे कोण?' असे विचारते. नवल असे की, त्याच १८७९ साली शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत खताच्या मागे जाऊन मूळ देण्याघेण्याची छाननी करण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. खासगी पत्रात जे दिसत नाही ते सरकारला कायदा करताना दिसले.

आमच्या मते अहवालाचे मोल टिकाऊ आहे, कारण त्यात लेखकास अडचणीची ठरणारी माहितीही उतरली आहे. टेंपलसाहेबांचे पत्र टेंपलसाहेबांच्या भीतीचा पुरावा आहे, त्याहून अधिक नव्हे. खेद याचा की, आपल्या सुशिक्षित घरांत त्याचीच चर्चा अधिक. कोणी त्यास प्रशस्तिपत्र समजून मिरवितात, तर कोणी आरोपपत्र समजून पुढे करतात. दोघेही परक्या अधिकाऱ्याच्या मताला निवाडा मानतात, आणि या भांडणात सुप्याचा कुणबी व धामारीच्या वाटेवरील रामोशी दोघेही विसरले जातात.

जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात साहेब, सावकार आणि कारकून या तिघांचाही हिशेब मांडला आहे. त्यातील प्रत्येक विधान मान्य करावे असे नाही. परंतु त्याच्या लेखकास वरिष्ठांचे समाधान करावयाचे नव्हते. ज्यास या काळाचा इतिहास लिहावयाचा आहे, त्याने खलिता जरूर वाचावा. मात्र जळलेल्या खतावर काय लिहिले होते, हे आधी विचारावे.