भविष्यपत्ते, गंजिफा आणि मिथकाचा संकोच

लोककथांवर बेतलेल्या सचित्र भविष्यपत्त्यांत मिथकाचा संकोच होतो. रशियन कथेतील बाबा यागा वासिलिसाला खाण्याची धमकी देते आणि अखेर अग्नीही तीच देते. पत्त्याला मात्र नेमका शकुनार्थ हवा असतो. हा अर्थ प्राचीनही नव्हे. टॅरो हा मुळात १५व्या शतकातील इटालियन खेळ; त्याला गूढार्थ चिकटला तो १७८१ मध्ये, कूर द जेबलॅं यांच्या लेखनातून. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते येथे आठवावेत. त्यांत नरसिंह कोणतेही भाकीत करीत नाही. तो बारा पत्त्यांच्या एका रंगाचा धनी, इतकेच. दिवसा डाव रामाने उघडतो, रात्री कृष्णाने. याला निव्वळ अलंकरण म्हणून हिणवता येईल. परंतु कथा दशावतारी नाटकाच्या हवाली करून चित्रकार येथे तिच्या अर्थावर हक्क सांगत नाही.