धनुष्यबाणापासून अणुबाँबपर्यंत

जसवंत सिंह यांनी १९९८ साली 'फॉरेन अफेअर्स' या अमेरिकी नियतकालिकात पोखरणच्या अणुस्फोटांचे समर्थन केले. लेखाचे शीर्षकच 'अण्वस्त्रांतील वर्णभेदाविरुद्ध' अशा अर्थाचे आहे. मुद्दा खरा आहे. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणाऱ्या पाच राष्ट्रांनाच अण्वस्त्रधारी मानले, बाकीच्यांना बंदी.

यावलच्या सातपुड्याला ही रीत जुनीच. इंग्रजांनी १८२५ साली खानदेशात भिल्लांचीच पलटण उभारली आणि ती भिल्लांच्याच बंडांवर घातली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक-तलवारीबरोबर धनुष्यबाण आणि हत्यारे बनविण्याची यंत्रेही 'हत्यार' ठरवली. गोऱ्यांना मात्र परवान्यातून सूट होती.

मग लेखात उणे काय? वर्णभेद हा शब्द लेखक राष्ट्राराष्ट्रांपुरताच वापरतात. २००१ साली दरबानच्या वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न आला, तेव्हा हेच गृहस्थ परराष्ट्रमंत्री होते. सरकार म्हणाले, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले होते; पण जात मोडण्यासाठी, झाकण्यासाठी नव्हे. जगाच्या पंगतीत वेगळे बसविले की वर्णभेद, आणि गावाच्या पंगतीत आम्हाला वेगळे बसविले की घरची बाब?

तापीपलीकडे वरणगावला आज देशी काडतुसे तयार होतात. हत्यार स्वदेशी झाले. समता अजून व्हायची आहे. ती मागणारा लेख आम्हाला हवा आहे.