हिमनद्या, २०३५ आणि पत्रकारितेचा अभ्यासक्रम

विज्ञान आणि पर्यावरण यांविषयी लिहिणारा पत्रकार विद्यापीठात घडवता येतो काय? या प्रश्नाला गेल्या चार दशकांत अनेक विद्यापीठांनी होकारार्थी उत्तर दिले आहे. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८१ साली विज्ञान-लेखनाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यासाठी विज्ञानाचे शिक्षण घेतलेले विद्यार्थी निवडण्याची प्रथा पडली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तर पृथ्वी व पर्यावरण विज्ञान आणि पत्रकारिता अशा दोन पदव्युत्तर पदव्यांचा जोड-अभ्यासक्रम चालवला. आपल्याकडे १९८२ साली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद स्थापन झाली आणि तिच्या साहाय्याने काही विद्यापीठांत विज्ञान-संज्ञापन शिकवले जाऊ लागले. पत्रकारितेच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांतही पर्यावरण हा विषय आला. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु या शिक्षणातून नेमके काय साधायचे, याचा विचार पुरेसा झालेला नाही असे आम्हांला वाटते.

अशा अभ्यासक्रमांचा साचा बहुधा ठरलेला असतो. संज्ञापनाचे सिद्धान्त, वृत्तपत्रांचा इतिहास, पर्यावरणविषयक कायदे, ओझोन ते जैवविविधता अशी प्रश्नांची यादी, आणि मग बातमी, मुलाखत व लेख लिहिण्याचा सराव. यामागे एक गृहीत आहे. शास्त्रज्ञाला विषय कळतो पण भाषा येत नाही, पत्रकाराला भाषा येते पण विषय कळत नाही; तेव्हा अवघड ते सोपे करून सांगणारा दुभाषा हवा. हे गृहीत अपुरे आहे. दुभाषा समोरच्याचे म्हणणे इमानाने पोचवतो. ते म्हणणे खरे आहे का, हे तपासणे त्याचे काम नसते. पत्रकाराचे मात्र तेच पहिले काम आहे. हे काम कोणीच केले नाही तर काय होते, याचे एक ठळक उदाहरण हिमालयातील हिमनद्यांचे आहे.

'न्यू सायंटिस्ट' या इंग्लिश साप्ताहिकात जून १९९९ मध्ये एक बातमी आली. मध्य व पूर्व हिमालयातील हिमनद्या २०३५ सालापर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे तिच्यात म्हटले होते. आधार होता एका भारतीय तज्ज्ञाच्या तोंडी विधानाचा. त्यामागे प्रसिद्ध झालेला शोधनिबंध नव्हता. २००५ साली जागतिक वन्यजीव निधीच्या अहवालात या बातमीचा हवाला आला. आणि २००७ साली हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, चौथ्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात या निधीच्या अहवालाचा हवाला देऊन तेच विधान छापले गेले. वाटेत 'मध्य व पूर्व' हे शब्द गळले. बातमीचे झाले अहवालातले वाक्य, आणि अहवालातल्या वाक्यावरून जगभर पुन्हा बातम्या झाल्या. विधान आपल्याच शेपटीला धरून फिरत होते.

याहून बोधप्रद गोष्ट अशी, की चूक ओळखण्याचे साहित्य त्या प्रकरणातच होते. त्यासाठी हिमशास्त्र यावे लागत नव्हते, आठवीचे गणित पुरत होते. हिमालयातील हिमनद्यांनी सुमारे ३० लाख हेक्टर क्षेत्र व्यापले आहे, असे तेथे लिहिले आहे. १०० हेक्टर म्हणजे १ चौरस किलोमीटर. तेव्हा हे क्षेत्र ३०,००० चौरस किलोमीटर झाले. पण थोडे पुढे हेच क्षेत्र २०३५ पर्यंत ५,००,००० चौरस किलोमीटरवरून १,००,००० वर येईल, असे म्हटले आहे. मुळात जे ३० हजार होते ते ५ लाख कसे झाले? हे आकडे ध्रुवप्रदेशांबाहेरील साऱ्या जगाच्या हिमाच्छादनाचे होते. १९९६ साली युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात ते आढळतात, आणि तेथे वर्ष दिले आहे २३५०. अंकांची अदलाबदल होऊन त्याचे २०३५ झाले असावे असे दिसते.

त्याच ठिकाणी एक तक्ता आहे. कुमाऊँमधील पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटली आणि तिचा वेग वर्षाला १३५.२ मीटर होता, असे त्यात दिले आहे. भागाकार करून पाहावा. १८४५ ते १९६६ ही १२१ वर्षे होतात. २,८४० ला १२१ ने भागले तर उत्तर येते सुमारे २३.५. मग १३५.२ कोठून आले? २,८४० ला २१ ने भागले की ते येते. एक शतक हातचे राहून गेले!

नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने हिमनद्यांविषयी एक चर्चा-निबंध प्रसिद्ध केला, त्याच सुमारास पत्रकार व हिमशास्त्रज्ञांनी विधानाचा माग काढला, आणि २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने खेद व्यक्त केला. पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. हवामानबदल हे थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले. वास्तविक त्याच अहवालाच्या भौतिक विज्ञानाच्या खंडात हे विधान नव्हते, आणि हिमनद्या घटत आहेत हेही खरेच आहे. उपग्रहचित्रांवर आधारलेल्या २०१९ सालच्या एका अभ्यासानुसार हिमालयातील बर्फाची घट १९७५ ते २००० या काळाच्या मानाने त्यानंतर सुमारे दुपटीने वाढली. ती वर्षाला सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास आहे. मोठ्या हिमनद्यांची जाडी शंभर मीटरहून अधिक असते, हे लक्षात घेतले की २०३५ मधला फोलपणा कळतो आणि संकटाचे खरे मापही कळते. खोट्या आकड्याने खऱ्या धोक्याची पत घालवली, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

पत्रकारांना विज्ञानाची पदवी असती तर हे टळले असते, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. हे विधान शास्त्रज्ञांच्याच हातून गेले होते. मसुद्याच्या तपासणीत काहींनी शंका काढल्या होत्या, पण त्यांची नीट दखल घेतली गेली नाही. याचा दोष आम्हां संशोधकांकडेच येतो. उलट भोपाळचे राजकुमार केसवानी पाहा. ते काही रसायनशास्त्रज्ञ नव्हते. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीनमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांनी शोध सुरू केला. अमेरिकेहून आलेल्या तपासनिसांचा मे १९८२ चा सुरक्षा-अहवाल त्यांनी मिळवून वाचला. फॉस्जीन हवेपेक्षा जड असतो, म्हणजे गळती झाली तर तो जमिनीलगत वस्तीत पसरणार, हे समजून घेतले. १९८२ साली आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तून त्यांनी इशारा दिला. कोणी मनावर घेतले नाही. २ डिसेंबर १९८४ ची रात्र उजाडायची ती उजाडलीच.

या दोन उदाहरणांतला फरक पदवीचा नाही, सवयीचा आहे. म्हणून अभ्यासक्रमात तीन गोष्टी सक्तीच्या असाव्यात असे आम्ही सुचवतो. पहिली, छापून आलेले एखादे विधान घेऊन त्याच्या मूळ निबंधापर्यंत किंवा मूळ मोजणीपर्यंत मागे जाणे. दुसरी, आकड्यांची एकके, भागाकार आणि आवाका पडताळून पाहणे. तिसरी, निदान एकदा स्वतः मोजमाप करणे: नदीच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन असो की हवेतील धूळ. मोजताना चूक किती सहज होते हे ज्याने अनुभवले आहे, तो दुसऱ्याचा आकडा जपून वापरतो. सिद्धान्तांची दोन प्रकरणे कमी झाली तरी चालतील.

अर्थात चांगले शिक्षण मिळाले तरी चांगली जागा मिळेल असे नाही. डिसेंबर २००८ मध्ये सीएनएनने आपला विज्ञान-पर्यावरण विभाग बंद केला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये नोकऱ्यांच्या दुष्काळामुळे कोलंबियाने आपला जोड-अभ्यासक्रम स्थगित केला. म्हणजे २०३५ चे प्रकरण उघडकीस येण्याच्या ऐन तोंडावर! वृत्तपत्रांत तपासणारे कमी झाले की तपासण्याचा भार वाचकावर येतो, आणि वाचक घडतो तो शाळेत.

पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी कात्रणे जमवतात, ती सुबक चिकटवतात आणि त्यांना गुण मिळतात. शिक्षकांनी यापुढे प्रत्येक कात्रणाखाली तीन ओळी लिहून घ्याव्यात: हा आकडा कोणी मोजला, कसा मोजला, आणि हिशेब जुळतो का. पिंडारीचा भागाकार फळ्यावर मांडून आरंभ करता येईल. त्याला एक तासिकाही लागणार नाही.